पावसाळ्यात भंडारदऱ्याला एकटीनं गाडी घेऊन जावं का?

प्रश्न असा आहे: "मी ३५ वर्षांची. आठ वर्षं गाडी चालवतेय. जुलैत भंडारदरा भागात कारने एकटीच ३ दिवस फिरायचं मनात आहे. घरचे म्हणतात पावसात घाटात एकटी नको, निदान कुणाला तरी सोबत ने. जावं का? काय काय बघता येईल?"

जा. आणि एकट्याच जा.

"निदान कुणाला तरी सोबत ने" हे मी इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचल्यावर गॅसवरची भाजी बंद करून लिहायला बसले. पावसाळ्यात घाटरस्त्यावर मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मागच्या सीटवरून "अरे टाक ना, जाईल" म्हणणाऱ्या माणसाची. दरड, धुकं, निसरडा रस्ता हे सगळं त्याच्यानंतर.

तीन वर्षांपूर्वी जुलैत मी पुण्याहून एकटी गेले होते. गाडी साधी, छोटी हॅचबॅक. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर आणि मग शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाजवळचं गाव. आळेफाट्याच्या पुढून कोतूळमार्गे रस्ता जवळ पडतो, पण पावसात मी मोठा रस्ता सोडत नाही. राजूरच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची आवणी चाललेली, प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका ओळीनं वाकलेल्या, खाचरांतलं पाणी बांधावरून रस्त्यावर सांडत होतं. दुपारी शेंडीला पोचले. पहिल्या लॉजवाल्यानं "एकट्या लेडीजना रूम देत नाही" म्हणून सांगितलं. आधार कार्ड दाखवलं, पैसे आगाऊ देते म्हटलं, तरी नाही. दुसऱ्या ठिकाणी एका कुटुंबानं घरातली खोली दिली. म्हणून सांगते, राहायची सोय फोनवर बोलून, "मी एकटी येणार आहे" असं स्पष्ट सांगून आधीच पक्की करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जलाशयाला वळसा घालायला निघाले. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत शेंडी असा ४०-४५ किलोमीटरचा फेरा आहे. रतनवाडीपर्यंत छान गेले. अमृतेश्वराच्या देवळात अर्धा तास बसले. दगडी भिंतींवरून पाणी ओघळत होतं, पुष्करणी काठोकाठ भरलेली. रतनगड ढगात होता, दिसलाच नाही. प्रवरेचा उगम त्याच डोंगरात. पुढे साम्रदच्या रस्त्याला लागले आणि धुकं उतरलं. वीस-पंचवीस फुटांपलीकडे काही दिसेना. लो बीम लावून, दुसऱ्या गियरमध्ये, काच खाली करून कडेच्या चरातल्या पाण्याच्या आवाजावर गाडी चालवत होते.

एका वळणानंतर फरशी पूल आला आणि त्यावरून ओढा चाललेला. पाणी फार नव्हतं, म्हणजे बघणाऱ्याला फार वाटलं नसतं. मी गाडी थांबवून उतरले. फरशीच्या कडेला चुन्यानं रंगवलेले दगडी खुंट होते. पहिल्या खुंटाचं डोकं चार बोटं वर दिसत होतं. मी तिथंच छत्री घेऊन उभी राहिले. आठ-दहा मिनिटांत दोन बोटं राहिली. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, आणि खालून गडगड गडगड आवाज येत होता. आधी मला वाटलं ढग गडगडतायत. मग कळलं, ते ओढ्याच्या तळाशी दगड घरंगळत होते. तो आवाज ऐकला आणि मी ठरवलं, परत जायचं.

गुरं घेऊन एक म्हातारबाबा पलीकडच्या उतारावर उभे होते. ते ओरडून म्हणाले, "ताई, आता नका येऊ. वर डोंगरावर पडलंय. हितं उघडलं तरी दोन तास उतरायचं नाही."

तेवढ्यात मागून मोठी गाडी आली. त्यात पाच पोरं, गाणी जोरात. हॉर्न वाजवायला लागली. आतून आवाज येत होते, "काकी, बाजूला घ्या, आम्ही काढतो." "अरे ही गाडी कशाला घेतलीय मग?" "टाक रे, फर्स्टमध्ये टाक!" चालवणारा मुलगा उतरला. चोवीस-पंचवीसचा असेल. पाण्याजवळ जाऊन बघून आला, आणि मित्रांकडे पाठ करून माझ्या खिडकीशी वाकला. अगदी हळू आवाजात विचारलं, "काकी, जाईल का हो?"

त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. त्याला नव्हतं जायचं. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं त्याला.

मी मोठ्यानं, आतल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला मागे वळायचंय आणि तुझी गाडी आडवी आहे. आधी तू घे मागे." तो लगेच वळला. "अरे काकींना जायचंय, गाडी मागे घ्यावी लागतेय," असं सांगत त्यानं रिव्हर्स टाकला. दोनशे-अडीचशे मीटर आम्ही दोघं उलटे गेलो, धुक्यात, रुंद जागा मिळेपर्यंत. तिथं वळल्यावर त्यानं मला हात केला. पुढं रतनवाडीपर्यंत तो माझ्या मागेच राहिला.

आता हे मला एवढं का लागलं ते सांगते. २०१३ साली मी अशाच एका गाडीत मागे बसले होते. मुळशीच्या बाजूला गेलो होतो, माझा मोठा भाऊ चालवत होता. शेजारी माझे मिस्टर, मागे मी, वहिनी आणि सहा वर्षांची पुतणी. असाच फरशी पूल, असंच पाणी. दादा थांबला होता! मी बघितलंय, त्यानं हँडब्रेक ओढला होता. मी म्हटलं, "दादा, नको." तर मिस्टर हसले, "तुझ्या बहिणीला पावसाची भीती वाटते." आणि दादानं गाडी घातली. मध्यावर इंजिन बंद पडलं. त्यानं परत चावी फिरवली, तिथं इंजिनानं पाणी ओढलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला. मागचं एक चाक फरशीवरून खाली उतरलं. पुतणीला खिडकीतून बाहेर दिलं. गावातल्या माणसांनी दोर बांधून गाडी ओढली. त्यांच्यापैकी एकानंही पैसे घेतले नाहीत.

हीच गोष्ट दादा दर दिवाळीला पराक्रम म्हणून सांगतो. आणि मी रतनवाडीहून फेरा अर्धा सोडून आले तेव्हा तो म्हणाला, "एवढं लांब जाऊन परत आलीस? कुणी सोबत असतं तर धीर आला असता. अण्णा असते तर त्यांनी काढली असती गाडी."

अण्णा म्हणजे आमचे वडील. एसटीत चालक होते, माळशेज घाटातून वीस वर्षं गाडी नेली त्यांनी. गाडी दादाला शिकवली, मला नाही, मी एकोणचाळिसाव्या वर्षी क्लास लावून शिकले. पण अण्णांच्या गाडीत मी बसलेय. मी नऊ वर्षांची असताना, श्रावणातच, ओतूरच्या पुढं पाणी रस्त्यावर आलं होतं. अण्णांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. पन्नास-पंचावन्न प्रवासी. कुणाला लग्न गाठायचं, कुणाची दुधाची किटली. लोक शिव्या द्यायला लागले, एक जण तर बोनेटवर चढून बसला. अण्णा खाली उतरले, समोर दगडावर बसून तंबाखू मळत राहिले. तीन तास. पाणी उतरून मधली पट्टी दिसायला लागल्यावरच गाडी काढली. दादा त्या गाडीत नव्हता. मी होते. तेव्हा अण्णांनी काय केलं असतं हे दादानं मला सांगू नये.

म्हणून म्हणते, एकट्या जा. एकटं असलं की थांबायला कुणाची परवानगी लागत नाही. परत फिरलं तर चार जणांचा मूड जात नाही. घरच्यांना सोबत हवीच असेल तर त्यांना एवढंच विचारा, गाडी थांबवायची का हे कोण ठरवणार? उत्तर "चालवणारी" असेल तर न्या सोबत.

तुमचा प्रश्न राहिलाच. तीन दिवस पुरेसे आहेत. पहिल्या दिवशी शेंडीत धरण बघा. विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, आणि त्याच्या पायथ्याचा अम्ब्रेला धबधबा धरणातून पाणी सोडलं असेल तरच दिसतो, हे स्थानिकांना विचारून जा. रंधा धबधबा राजूरच्या बाजूला आहे, जाता-येता होतो. एक दिवस फेऱ्याला ठेवा. घाटघरच्या कोकणकड्यावर ढग फाटला तर खाली कोकण दिसतं, नाही फाटला तर पांढरं काहीतरी बघून यायचं. पाणी भरलेलं बघायचं असेल तर ऑगस्टच्या मध्यात जा, त्या सुमाराला धरण भरत आलेलं असतं. जुलैत आवणी बघायला मिळते. मला जुलै आवडतो.

गाडीचं म्हणाल तर टायर आणि वायपरची रबरं नवी हवीत, बाकी साधी गाडी चालते. काच आतून धुरकटली की एसी काचेवर सोडा. धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, मागच्याला तुम्ही वळताय की उभ्या आहात कळत नाही. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, ज्या गियरात चढलात त्याच गियरात उतरा. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा चालू करू नका, दादाचं उदाहरण वर दिलंय. फेऱ्यावर बऱ्याच ठिकाणी रेंज जाते, तेव्हा निघताना आणि पोचल्यावर फोन, आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची ती वेळ घरी सांगून ठेवा.

हे सगळं गाडीपुरतं आहे, हेही सांगायला हवं. कळसूबाई (१६४६ मीटर) पावसात एकट्यानं चढू नका, शिड्या ओल्या असतात आणि पाय मुरगळला तर हाक ऐकायला कुणी नसतं. सांदण दरीत तर पावसाळ्यात उतरूच नका, तिथून पाणी वाहतं. आणि हवामान खात्याचा घाटमाथ्यासाठी रेड अलर्ट असेल, म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस, तर बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील, घरी थांबा. ऑरेंज असेल तर मी शेंडीच्या पुढे गाडी काढत नाही.

साम्रद ते घाटघर हा तुकडा माझा अजून राहिलाय. येत्या जुलैत पुन्हा जाणार आहे. पुतणी आता अठरा वर्षांची आहे, लायसन्स काढलंय तिनं, आणि तिनं सोबत यायचं म्हटलंय. गाडी तीच चालवेल आणि कुठं थांबायचं तेही तीच ठरवेल.