हॅलोवीन मूळचा मूर्तिपूजकांचा सण आहे का? ख्रिस्ती मुलाने त्यात भाग घ्यावा का?

तुमच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला मुलांची हॅलोवीन पार्टी आहे. तुमचे पाळक म्हणतात, तो सैतानाचा सण, त्या रात्री ड्रुइड (प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित) नरबळी द्यायचे. मुलाला पाठवू की नको, असं तुम्ही विचारलंय. मी वसईची कॅथलिक, तुम्ही बहुतेक प्रोटेस्टंट मंडळीतले. पण या बाबतीत आपलं फारसं बिनसू नये.

आधी इतिहास बघू. दर ऑक्टोबरात व्हॉट्सॲपवर फिरणारा इतिहास कोरलेल्या भोपळ्याइतकाच पोकळ असतो.

आयर्लंडमध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास सावइन नावाचा सण होता, एवढं खरं. उन्हाळी कुरणांवरची गुरं खाली आणायची, हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापायची, राजांनी मेजवान्या द्यायच्या, असे ते दिवस. जुन्या आयरिश कथांत याच रात्री टेकड्यांची दारं उघडतात आणि पलीकडच्या जगातले लोक बाहेर येतात. पण या कथा लिहून ठेवल्या ख्रिस्ती मठांतल्या लोकांनी, आयर्लंडने बाप्तिस्मा घेतल्यावर कित्येक पिढ्यांनी. त्याआधी सावइनच्या रात्री नेमके कोणते विधी होत, हे डोळ्यांनी पाहून लिहिणारा एकही साक्षीदार नाही. गॉलमधले (आजच्या फ्रान्सच्या भागातले) ड्रुइड नरबळी देत असं जूलियस सीझर लिहितो, पण त्यात सावइनचा उल्लेख नाही. मध्ययुगातल्या एका आयरिश पद्यात क्रोम क्रुआख नावाच्या मूर्तीपुढे पहिल्या अपत्याचा बळी देत असं म्हटलंय, तेही ख्रिस्ती लेखणीतून, शेकडो वर्षांनंतर. आणि ‘सॅमहेन हा मृत्यूचा देव’ हे तर १८व्या शतकातल्या व्हॅलन्सी नावाच्या हौशी संशोधकाने रूढ केलं. असा देवच नव्हता. ते सणाचंच नाव, सावइनचं (Samhain) चुकीचं वाचन.

मग चर्चने हा सण पळवून त्यावर संतांचं नाव चिकटवलं, असं म्हणतात त्याचं काय? हॅलोवीन म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. रोममध्ये पोप बोनिफेस चौथे यांनी ६०९ साली पँथिऑन हे देऊळ मरिया आणि सर्व हुतात्म्यांना अर्पण केलं, ते १३ मे रोजी. म्हणजे सर्व हुतात्म्यांचा दिवस आधी वसंतातच होता. १ नोव्हेंबर ही तारीख इसवी सन ८००च्या सुमारास इंग्लंड आणि जर्मन मुलखात दिसू लागते. यॉर्कचा विद्वान आल्क्विन त्या वर्षी साल्झबुर्गच्या आर्चबिशपना लिहिलेल्या पत्रात या दिवशी सण पाळायला सांगतो. ८३५ साली सम्राट लुई द पायस याने तो आपल्या साम्राज्यभर लागू केला. आणि ज्या आयर्लंडचा सण झाकायचा होता असं सांगतात, तिथलं चर्च तेव्हा कोणता दिवस पाळत होतं? त्यांच्या त्या काळच्या संतपंचांगांत हा सण २० एप्रिलला आहे! सावइन पुसायलाच ही तारीख निवडली असती, तर निदान आयरिश लोकांनी तरी ती आधी उचलली असती. २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस क्लूनीच्या मठाचे ॲबट ओदिलो यांनी सुरू केला, तो आणखी दीड-दोनशे वर्षांनी.

सोंगं, कंदील, दारोदार खाऊ मागणं हे मध्ययुगाच्या अखेरीपासून पुढचं. इंग्लंडमध्ये गरीब लोक घरोघर जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायचे आणि बदल्यात छोटे गोड पाव मिळायचे. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये मुलं सोंगं घेऊन फिरत, सलगम कोरून दिवे करत. १९व्या शतकात बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले, आणि तिथे सलगमाच्या जागी भोपळा आला. बाकी प्लास्टिकचे सांगाडे वगैरे बाजाराची कृपा.

आता धरून चालू की मूळ खरोखरच मूर्तिपूजकांचं आहे. म्हणून काय? पँथिऑन तर रोमन देवांचंच देऊळ होतं. ६०१ साली पोप ग्रेगरी (थोरले) यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस यांना पत्र पाठवलं: मूर्ती मोडा, पण देवळं चांगली बांधलेली असतील तर पाडू नका, लोक देवांपुढे बैल कापत आले आहेत, तर आता हुतात्म्यांच्या सणाला बैल कापून जेवू द्या आणि देवाचे आभार मानू द्या. मला हे पत्र फार शहाणपणाचं वाटतं. कुठून आलं यापेक्षा आता कोणाला वाहिलं जातंय, हा त्यांचा निकष होता.

बायबलमधल्या प्रेषित पौलाचाही तोच. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय एकत्र वाचा. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि मूर्तिपूजेपासून मात्र दूर पळा. शेजारून प्रसादाची वाटी येते तेव्हा आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत हाच अध्याय निघतो. त्या मानाने सोसायटीतली वटवाघळाची टोपी किरकोळ आहे.

तरीही पाळकांचं सगळंच उडवून लावू नका. जुन्या हॅलोवीनमध्ये शास्त्राला खरोखर खटकेल अशी एक गोष्ट होती आणि नेमकी तीच फॉरवर्डमध्ये नसते. ती म्हणजे भविष्य बघणं. स्कॉटलंडमध्ये त्या रात्री मुली विस्तवात अक्रोड-बदामासारखी कवचाची फळं टाकून लग्न कोणाशी होईल ते ताडायच्या. रॉबर्ट बर्न्सची १७८५ची कविता अशाच खेळांनी भरलेली आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन बघणं आणि मृतांना बोलावणं यांना साफ मनाई आहे. आज त्याच जागी प्लँचेट असतं. पार्टीत मोठी मुलं ते काढणार असतील तर तुमच्या मुलाला तिथून उठून यायला सांगा, आणि का ते नीट समजावून सांगा. तीच गोष्ट किळसवाण्या, रक्तबंबाळ सोंगांची, पण तिथे माझा आक्षेप धर्माचा कमी आणि अभिरुचीचा जास्त.

एवढं पाळून मुलाला खुशाल पाठवा. पाळकांशी बोलायचं झालं तर भांडू नका, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचा विषय काढा. १५१७ साली ३१ ऑक्टोबरलाच त्यांनी आपले ९५ मुद्दे जाहीर केले. परंपरा सांगते की विटेनबर्गच्या ज्या चर्चच्या दारावर ते लावले, ते चर्च सर्व संतांच्याच नावाचं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे सणाची गर्दी होणार होती. त्या संध्याकाळी मंडळीत मुलांसाठी काही ठेवता येईल का, हे पाळकांनाच विचारा. आमच्याकडे १ तारखेला मिस्सा असते, २ तारखेला कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या. मृतांसाठी प्रार्थना करणं तुम्हाला पटत नसेल, तर नका करू. पण मुलाला आजी-आजोबांच्या कबरीपाशी न्यायला त्याची आडकाठी नाही.