वाचक विचारतात : वाचला का तो, आजी?

ताई, मी सध्या मुलाकडे कॅनडात मिसिसागाला आलेय. मागच्या रविवारी नातवाला घेऊन आम्ही सगळे हॅमिल्टनच्या विमानांच्या म्युझियममध्ये गेलो होतो, तिथे चार पंख्यांचं एक भलंमोठं जुनं, दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान आहे, लँकॅस्टर, अंगावर व्हीआर-ए अशी अक्षरं. गाईड म्हणाला की हे अँड्र्यू मिनार्स्की नावाच्या गनरच्या, म्हणजे विमानातली मशीनगन चालवणाऱ्याच्या आठवणीत ठेवलंय, तो जळत्या विमानात मित्राला सोडवायला मागे गेला आणि त्यातच गेला. गर्दीमुळे पुढचं काही नीट ऐकू आलं नाही. आता नातू चार दिवस झाले एकच विचारतोय, आजी, तो मित्र वाचला का? मला उत्तर माहीत नाही. नीट सगळं सांगाल का?
– एक आजी, मिसिसागा

आजी, नातवाला आधी सांगून टाका, मित्र वाचला. पण कसा वाचला ते ऐकलंत की तुम्हालाही माझ्यासारखी रात्री झोप लागायची नाही.

अँड्र्यूचा जन्म 14 ऑक्टोबर 1916 चा, विनिपेगचा. आईवडील पोलंडहून आलेले, घरची परिस्थिती बेताची. तो सोळा वर्षांचा असताना वडील गेले आणि घर चालवायला पोरगा फरचे कोट बनवणाऱ्याकडे कातडी कापायच्या कामाला लागला. 1941 मध्ये कॅनडाच्या एअर फोर्समध्ये भरती झाला. आधी वायरलेस शिकायला घातलं पण मोर्स कोड काही जमेना, मग गनर केलं. म्हणजे मोर्स जमला असता तर तो त्या रात्री त्या जागी नसताच, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

1944 च्या एप्रिलमध्ये तो 419 स्क्वॉड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत आला, उत्तर इंग्लंडमध्ये मिडलटन सेंट जॉर्ज नावाचा हवाई तळ होता तिथे. लँकॅस्टरमध्ये सात जण असायचे. अँड्र्यू बसायचा विमानाच्या पाठीवर काचेच्या घुमटात, दोन मशीनगन घेऊन, आणि एकदम शेपटीच्या टोकाला दुसऱ्या घुमटात चार मशीनगन घेऊन बसायचा पॅट ब्रॉफी, त्याचा जिगरी दोस्त. पॅट ऑफिसर, अँड्र्यू त्याच्या खालच्या रँकचा, त्यामुळे जेवायची-राहायची सोय वेगळी. रात्री दोघं आपापल्या वाटेला लागताना हा मुद्दाम कडक सॅल्यूट ठोकून "गुड नाइट, सर" म्हणायचा. ही मस्करी लक्षात ठेवा, पुढे येणारे.

12 जून 1944. फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्तराष्ट्रांच्या फौजा उतरून एक आठवडाही झाला नव्हता. जर्मन कुमक रेल्वेने येत होती म्हणून रेल्वे यार्डांवर बॉम्बहल्ले चालू होते, त्या रात्रीचं टार्गेट उत्तर फ्रान्समधल्या कांब्रेचं यार्ड. या सात जणांची ही तेरावी फेरी, आणि मध्यरात्र उलटली की तारीखही 13. निघायच्या आधी गवतात बसले होते तेव्हा अँड्र्यूला चार पानांचं क्लोव्हर, म्हणजे गवतात उगवणारं एक लहान रोपटं, सापडलं. तिकडे ते शुभ मानतात, तीनच पानं असतात ना एरवी. ते त्याने पॅटला देऊन टाकलं. स्वतःकडे ठेवलं नाही.

मध्यरात्रीनंतर जर्मन नाइट फायटरने खालून येऊन गोळ्या घातल्या. डाव्या बाजूची दोन्ही इंजिनं गेली, पंख पेटला, आणि तिसरी आग लागली विमानाच्या पोटात, पाठीवरचा घुमट आणि शेपटी यांच्या मधोमध. पायलट आर्ट द ब्रेनने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं. आता शेपटीतला घुमट फिरायचा हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर, दाब द्यायचं इंजिन, तेच बंद पडलं, घुमट अर्धवट वळलेल्या अवस्थेत अडकला. घुमटाला दार आहे पण तो असा अडकल्यावर ते ना विमानाच्या आतल्या बाजूला जुळतंय ना बाहेर. हाताने फिरवायचा दांडा असतो, पॅटने तो फिरवायला घेतला तर तो तुटून हातात आला. संपलं.

अँड्र्यू आपल्या जागेवरून उतरून दाराशी पोचला होता. पॅराशूट अंगावर, नुसती उडी टाकायची. त्याने वळून पाहिलं आणि पॅट काचेमागे अडकलेला दिसला. मग तो दार सोडून आगीत शिरला, पेटलेल्या तेलातून हातापायांवर सरपटत शेपटीपर्यंत गेला, तिथली कुऱ्हाड घेऊन घुमटावर घाव घातले, काही हलेना तेव्हा नुसत्या हातांनी ओढायला लागला. तोवर त्याचे कपडे आणि पॅराशूट कमरेपर्यंत पेटले होते. पॅटच त्याला ओरडून, हातवारे करून सांगत होता की जा, परत जा, तुझ्याने काही होणार नाही. शेवटी तो निघाला, पण पाठ फिरवून नाही. तोंड पॅटकडे ठेवून त्याच आगीतून मागे मागे सरपटत दारापर्यंत आला, पेटलेल्या कपड्यांत सरळ उभा राहिला आणि सॅल्यूट केला. ओठ हलले. पॅटला ऐकू आलं नाही, पण काय म्हणाला असेल ते पॅटला कळलं, रोज रात्री तेच तर म्हणायचा. मग उडी मारली.

जमिनीवरच्या फ्रेंच लोकांना जळत खाली येणारा माणूस दिसला. ते धावले, पण भाजणं फार होतं, तो गेला. वय 27. मेअरिकूर नावाच्या गावाच्या स्मशानात त्याची कबर आहे.

आणि पॅट? विमान त्याला घेऊन तसंच खाली आलं, आतमध्ये न टाकलेले बॉम्ब, पॅट कोंडलेला. पण पडताना ते सपाट पडलं, एक पंख झाडावर आपटला, विमान गर्रकन फिरलं, काही बॉम्ब फुटले, आणि त्या धक्क्याने तो घुमट तुटून पॅट बाहेर फेकला गेला. अंगावर मोठी जखम नाही! फ्रेंच लोकांनी त्याला लपवलं आणि सप्टेंबरमध्ये तो इंग्लंडला परतला. सातही जणांत मेला तो फक्त अँड्र्यू.

म्हणजे आजी, खरं बोलायचं तर अँड्र्यूने पॅटला वाचवलं नाही, योगायोगाने वाचवलं. पण पॅट वाचला म्हणून अँड्र्यूने काय केलं ते जगाला कळलं, कारण बघणारा तेवढा एकच होता. 1945 मध्ये पॅटने ते पायलटला सांगितलं, पायलटने ते वरपर्यंत लावून धरलं आणि 11 ऑक्टोबर 1946 ला व्हिक्टोरिया क्रॉस, शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, जाहीर झाला. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे 55,573 जण त्या युद्धात मेले, त्यात जवळपास दहा हजार कॅनडाचे. किती विमानांत असंच कोणी कोणासाठी मागे वळलं असेल आणि पाहणाराही सोबतच गेला असेल. व्हिक्टोरिया क्रॉसची यादी वाचताना मला ते दुसरेच आठवत राहतात.

एक अजून, त्याचं ते विमान, केबी 726, कॅनडात बनलेलं होतं, माल्टनच्या कारखान्यात. म्हणजे तुम्ही ज्या पिअर्सन एअरपोर्टवर उतरलात ना, तिथेच. हॅमिल्टनचं विमान त्याच कारखान्यातलं पण दुसरं, रंग आणि अक्षरं फक्त त्याची दिलीत, आणि 1988 पासून ते उडतंय. उडणारी लँकॅस्टर जगात दोनच उरलीत, दुसरी इंग्लंडमध्ये.

ताई, मी खडकीला राहतो, इथल्या वॉर सिमेट्रीत सकाळी कधीकधी जातो. सगळे दगड एकसारखे, वयं वीस-बावीस. या पोरांना घरी का नाही नेलं? आणि साहेब कोण, साधा शिपाई कोण, हे दगडावरून कळत कसं नाही?
– खडकी, पुणे

मुद्दामच तसं ठेवलंय. पहिल्या महायुद्धातच ठरलं होतं की ज्याच्या घरी पैसा त्याचं पोर परत येणार आणि गरिबाचं तिथेच राहणार असं होऊ द्यायचं नाही, म्हणून कोणालाच न्यायचं नाही, आणि दगड जनरलचा असो की शिपायाचा, मापाला एकच. रँक लिहिलेली असते, पण दगड त्यामुळे मोठा होत नाही. खाली एखादी ओळ घरच्यांना निवडता यायची, तुम्ही पुढच्या वेळी ती वाचा, कितीतरी दगडांवर फक्त आईची ओळ आहे असं वाटतं. वर अँड्र्यूचं लिहिलंय ना, मेअरिकूरला त्याचाही दगड अगदी खडकीसारखाच, फक्त व्हिक्टोरिया क्रॉसचं चिन्ह कोरलेलं.

बॉम्ब टाकणाऱ्यांचं इतकं कौतुक कशाला? खाली मेलेल्यांचं काय?
– एक वाचक, नाशिक

प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. रेल्वे यार्डांवरच्या हल्ल्यांत आसपासचे फ्रेंच लोक मेले, जर्मनीत तर शहरंच्या शहरं जळाली, लहान मुलं मेली. त्याचं दुःख मला आहे. याच वादामुळे लंडनला बॉम्बर कमांडचं स्मारक व्हायला 2012 साल उजाडलं, आणि त्यावर सगळ्या देशांतल्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्यांचाही उल्लेख आहे. पण टार्गेट ठरवणारे वेगळे होते. मी ज्याच्याबद्दल लिहिलं तो कातडी कापणारा पोरगा होता, आणि त्या काही मिनिटांत त्याच्यापुढे युद्ध नव्हतंच, काचेमागे एक दोस्त होता.

आजी, नातवाला घेऊन परत गेलात तर विमानाच्या उजव्या अंगाला मागे जाऊन उभ्या राहा. शेपटीच्या थोडं अलीकडे लहानसं दार आहे, तेच ते. त्याला तिथून शेपटीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजू द्या. फार नाही भरत.