वाचकांचे प्रश्न : सेवेचं ओझं वाटू लागलं तर?

प्रश्न : आमच्या चर्चची मंडळी लहान आहे. शनिवारी प्रार्थनामंदिर झाडून सतरंज्या टाकणं, रविवारची शाळा आणि बुधवारचं महिला मंडळ, हे सगळं नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहे. वेचणी लागली की दिवसभर ओटी बांधून वावरात वाकावं लागतं, संध्याकाळी अंग मोडून येतं. तरी जाते, कारण नाही गेलं तर देव रागावेल अशी धास्ती वाटते. मन पूर्वीसारखं लागत नाही. सेवा सोडू का?
– एक भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, थकवा वेगळा आणि प्रीती आटणं वेगळं. वेचणीत अंग दुखलं म्हणून देव रागावत नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर-पाणी दिलं, मध्ये झोपूही दिलं (बायबल, 1 राजे 19). देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर.

एक पारख करून बघा. तुमच्या जागी दुसरीने सतरंज्या टाकल्या तर हायसं वाटतं की मनाला लागतं? हायसं वाटलं तर विसावा हवा. लागलं, ‘इतकी वर्षं मीच केलं’ असा हिशेब मनात उठला, तर येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातला थोरला मुलगा वाचा (लूक 15). तोही शेतातूनच घरी येत होता. कामात कसूर नव्हती, पण ‘इतकी वर्षं चाकरी केली, एक करडूही दिलं नाही’ असं त्याने बापाला सुनावलं. घरचा मुलगा असून सालदारासारखी वर्षं मोजत होता! तुमच्या धास्तीचं मूळही इथेच दिसतं. खाडा पडला तर पैसे कापतील ही भीती सालदाराला असते, लेकराला नसते.

बायबलमधल्या इफिस शहराच्या मंडळीतही श्रम होते, धीर होता, फक्त पहिली प्रीती सुटली होती. प्रभूने त्यांना सेवा बंद करायला सांगितलं नाही. आठव, पश्चात्ताप कर, पहिली कामं कर, असं सांगितलं (प्रकटीकरण 2:5). आठवण आधी आहे. म्हणून सकाळी वावरात जाण्याआधी पंधरा मिनिटं स्तोत्र 103 मोठ्याने वाचा आणि देवाने केलेले दोन-तीन उपकार नावानिशी बोलून दाखवा. इथे एक चूक हमखास होते. रविवारच्या शाळेचा पाठ काढायला वाचतो तेच आपलं मनन समजतो. मुलांसाठी शिजवलं, स्वतः उपाशी राहिलो, असं ते होतं. ती पंधरा मिनिटं पाठासाठी वापरू नका. पहिल्या आठवड्यात मन कोरडंच राहील, तरी वाचन सोडू नका.

दुसरं, कामं वाटा. मोशेच्या सासऱ्याने, इथ्रोने, मोशेला हेच सांगितलं होतं, एकट्याने केलंस तर तूही थकशील आणि लोकही थकतील (निर्गम 18). झाडणं आणि सतरंज्या चार घरांना पाळीपाळीने द्या, म्हणजे एका घरावर महिन्यातून एकदा येईल. वेचणी संपेपर्यंत महिला मंडळ पंधरा दिवसांनी ठेवा. रविवारची शाळा मात्र स्वतःकडे राहू द्या, आणि सोबत एक तरुण मुलगी घ्या. हे पाळकांशी आधी बोलून ठरवा. रागाच्या भरात भर उपासनेत ‘आता माझ्याने होत नाही’ म्हटलं, तर लोक नाराजीच लक्षात ठेवतात.

प्रश्न : दान देताना आनंद वाटत नाही. आनंद येईपर्यंत थांबावं का?
– एक शेतकरी, वाशीम जिल्हा

उत्तर : थांबू नका, पद्धत बदला. थाळी समोर आल्यावर खिसा चाचपला की लोकलाजेने दिलं जातं. प्रेषित पौलाने ‘ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे’ द्यायला सांगितलं आहे (2 करिंथ 9:7). सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हाती आली त्याच दिवशी नवरा-बायकोने बसून, प्रार्थना करून रक्कम ठरवा आणि वेगळ्या पाकिटात ठेवा. उसने काढून देऊ नका. जवळ आहे त्या मानाने दिलेलं देवाला मान्य असतं, नाही त्या मानाने नव्हे (2 करिंथ 8:12). नापिकीच्या वर्षी पायलीभर तूर दिली तरी चालते.