वाहन-प्रश्नोत्तरे : टायरमध्ये हवा किती असावी?

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत टायरच्या हवेविषयीचे प्रश्न वाढतात. सोलापूर आणि परिसरातील वाचकांकडून आलेले असे काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण त्यातला गैरसमज जुना आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : मी नोकरीसाठी रोज जुळे सोलापुरातून मोहोळला मोटारीने ये-जा करतो. गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर चारही चाकांसाठी ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असे छापलेले आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पंपावरचा हवा भरणारा मुलगा "साहेब, ऊन लई आहे, तीसच ठेवू, नाहीतर टायर फुटंल" असे म्हणून प्रत्येक वेळी थोडी हवा सोडतो. माझे सहकारीही हेच सांगतात. कोणाचे ऐकावे? — एक शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : स्टिकरचे ऐकावे. तो मुलगा आपल्या भल्यासाठीच सांगत आहे, पण त्याचा सल्ला नेमका उलटा आहे, आणि तो उलटा का आहे हे समजल्याशिवाय पुढच्या वेळी आपल्याला त्याला ठामपणे नाही म्हणता येणार नाही.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी दिलेला असतो. थंड टायर म्हणजे निदान तीन तास उभ्या असलेल्या, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर सावकाश चाललेल्या गाडीचा टायर. गाडी धावू लागली की टायर तापतो, आतली हवा तापते आणि दाब वाढतो. हवेचे तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो, असा ढोबळ हिशेब आहे. ही वाढ गाडी आणि टायर बनवणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेली असते आणि चांगल्या स्थितीतला टायर ती सहज पेलतो.

गेल्या मे महिन्यात मी स्वतः हे मोजून पाहिले. सकाळी साडेसहाला, रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीत बरोबर ३३ पीएसआय हवा होती. मोहोळपर्यंत जाऊन परत आल्यावर, अकराच्या उन्हात, त्याच चाकात ३७ दिसले. या क्षणी जर मी घाबरून चार पीएसआय हवा सोडली असती, तर गेजवर, म्हणजे दाब मोजण्याच्या उपकरणावर, पुन्हा ३३ दिसले असते आणि समाधानही वाटले असते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे टायर थंड झाल्यावर त्यात जेमतेम २९-३० उरले असते. म्हणजे जास्तीची हवा काढल्याच्या समजुतीत आपण टायर कमी हवेवर आणून ठेवतो, आणि दर आठवड्याला असे केले तर तो कायमच कमी हवेवर धावत राहतो.

आता फुटण्याविषयी. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो वजनाने चपटा होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा मूळ आकारात येतो. ताशी ९० किलोमीटर वेगाला मोटारीचे चाक सेकंदाला साधारण तेरा वेळा फिरते, म्हणजे टायरची बाजूची भिंत प्रत्येक सेकंदाला तेरा वेळा दुमडते आणि सरळ होते. तार हातात धरून मागे-पुढे वाकवत राहिली की वाकण्याच्या जागी ती गरम होते आणि शेवटी तुटते, हे आपण सर्वांनी लहानपणी केलेले आहे. टायरच्या भिंतीतही तेच घडते. हवा जितकी कमी तितकी भिंत अधिक दुमडते, जितकी अधिक दुमडते तितकी अधिक तापते, आणि रबर व आतले धागे यांची पकड त्या उष्णतेने सुटू लागते. त्यात पारा ४२ च्या पुढे, डांबर त्याहून कितीतरी तापलेले, गाडीत पाच माणसे आणि पुणे-हैदराबाद महामार्गासारखा सलग वेगाचा रस्ता, एवढे सगळे जुळून आले की टायर फुटतो. तेव्हा लोक उन्हाला आणि जास्त हवेला दोष देतात. प्रत्यक्षात अशा वेळी कमी हवा, जादा ओझे, जुना टायर किंवा खड्ड्याने आतून झालेली इजा यांतले एखादे कारण आधीपासून दबा धरून बसलेले असते.

म्हणून उन्हाळा असो वा संक्रांतीच्या सुमाराची थंडी, थंड टायरला ३३ हाच आकडा ठेवावा. ऋतू बदलताना आकडा बदलायचा नसतो, तपासणी वाढवायची असते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटेच्या गारव्याने दाब दोन-तीन पीएसआयने उतरलेला दिसतो, तो भरून काढावा, इतकेच.

पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापलेलाच असतो, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे स्वतःचा गेज. काही शे रुपयांत मिळणारे हे लहान उपकरण मी प्रत्येक वाहनधारकाला घ्यायला सांगतो, कारण पंपावरच्या यंत्राला दिवसभर हिसके बसतात, त्याची नळी जमिनीवर आपटते आणि आकडा हळूहळू चुकू लागतो. शहरातल्या एका पंपावर यंत्राने ३३ दाखवून भरून दिलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या गेजवर २८ भरली, तेव्हा चार चाकांवर चार वेळा मोजून मी खात्री केली होती. सकाळी गाडी काढण्यापूर्वी व्हॉल्व्हची टोपी काढावी, गेज सरळ आणि घट्ट दाबून फुसफुस थांबेपर्यंत धरावा, आकडा लिहून ठेवावा. समजा ३० दिसले, तर तीन कमी आहेत हे आपल्याला कळले; मग पंपावर टायर गरम असला तरी त्या वेळी जो आकडा दिसेल त्याहून तीन अधिक भरून घ्यावे. टोपी पुन्हा लावायला विसरू नये, कारण आपल्याकडची धूळ व्हॉल्व्हमध्ये बसली की हवा थेंबाथेंबाने गळत राहते. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी आवर्जून एवढे करावे. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी होते, त्यामुळे "परवाच तर भरली होती" यावर विसंबून राहू नये.

प्रश्न : माझे टॉवेल-चादरींचे लहान दुकान आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून स्कूटरच्या मागच्या सीटवर गठ्ठे बांधून आणतो. एरवी मी एकटाच फिरतो. हवा भरणारा दोन्ही चाकांत तीस-तीस मारतो. ते योग्य आहे का? — एक व्यापारी, सोलापूर

उत्तर : योग्य नाही, आणि दुचाकीच्या बाबतीत ही चूक मोटारीपेक्षा अधिक धोक्याची आहे, कारण तोल सांभाळायला दोनच चाके असतात. दुचाकीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांवर येणारे वजन सारखे नसते. म्हणूनच पुस्तिकेत पुढच्या चाकासाठी एक, मागच्या चाकासाठी एकटा चालक असताना दुसरा आणि मागे कोणी बसले असताना तिसरा असे आकडे दिलेले असतात. अनेक स्कूटरांना पुढे २२, मागे एकट्यासाठी २९ आणि दोघांसाठी ३६ अशा धर्तीचे आकडे सांगितलेले आढळतात. आपल्या स्कूटरचे नेमके आकडे मात्र तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

तीस-तीसने काय होते ते पाहा. पुढच्या चाकात हवा गरजेपेक्षा खूप जास्त होते, ते कडक होऊन उसळते, रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो आणि वाळू-खडीवर पुढचा ब्रेक दाबताच घसरण्याची भीती वाढते. उलट गठ्ठे लादल्यावर मागच्या चाकात तीस कमी पडतात; स्कूटर मागून डुलते, वळताना ओढल्यासारखी वाटते, आणि रिमला खड्ड्याचा थेट मार बसतो. मागच्या सीटवर एका माणसाच्या वजनाइतका माल असेल तर मागच्या चाकाला दोघांसाठीचा आकडा लावावा. माल उतरवल्यावर दर वेळी हवा काढण्याची गरज नाही, पण आठवडाभर एकट्याने फिरायचे असेल तर मूळ आकड्यावर आणणे चांगले.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगायला हवी. हवा वाढवल्याने स्कूटरची भार वाहण्याची क्षमता वाढत नाही. गठ्ठ्यांचे वजन पुस्तिकेतल्या मर्यादेच्या पुढे जात असेल तर दोन खेपा करा किंवा माल रिक्षा-टेम्पोने आणा. फ्रेम, ब्रेक आणि शॉकॲब्सॉर्बर यांना हवेची मदत होत नसते.

प्रश्न : नवीन टायर बसवले. त्यांच्या बाजूवर कमाल दाब ५१ पीएसआय असे कोरलेले आहे, पण गाडीचे स्टिकर ३३ सांगते. मित्र म्हणतो की ४० ठेवले तर ॲव्हरेज वाढते. — एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : बाजूवरचा आकडा हा टायरची मर्यादा सांगतो, आपल्या गाडीची गरज सांगत नाही. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो, त्यामुळे आपल्या गाडीला किती हवा लागते हे टायर कंपनी टायरवर कोरू शकत नाही. ते गाडी बनवणाऱ्यानेच ठरवायचे असते. हे स्टिकर बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असते. त्यावर बऱ्याचदा दोन ओळी असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि दुसरी पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. सहकुटुंब सामानासह पंढरपूर किंवा तुळजापूरला निघताना दुसरी ओळ लागू होते, हे पुष्कळ जणांच्या ध्यानात येत नाही. आकडे बार किंवा किलोपास्कलमध्ये असतील तर १ बार म्हणजे १०० किलोपास्कल म्हणजेच साधारण साडेचौदा पीएसआय, असे रूपांतर करावे. टायरचे माप मूळ मापाहून वेगळे घेतले असेल तर मात्र स्टिकरचा आकडा जसाच्या तसा चालत नाही. अशा वेळी नवीन मापाचा भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) पाहून टायर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून आकडा ठरवून घ्यावा.

मित्राचे म्हणणे अर्धे खरे आहे. हवा कमी असली की इंधन जास्त लागते, हे नक्की. चारही चाकांत सरासरी एक पीएसआय कमी झाल्यास ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते असे मानले जाते. पण हवा जास्त भरून मिळणारा लाभ त्याच मापाचा, म्हणजे सात पीएसआयला टक्का-दीड टक्का असतो, आणि त्याची किंमत ब्रेकच्या अंतरात, पहिल्या पावसातल्या निसरड्या रस्त्यावर आणि टायरच्या मधल्या पट्ट्याच्या झिजेत मोजावी लागते. टायरची झीज पाहूनही हे ओळखता येते : नक्षी मधोमध घासली असेल तर हवा जास्त राहिली, दोन्ही कडांना घासली असेल तर कमी राहिली, आणि एकाच कडेला घासली असेल तर हवेकडे न पाहता चाकांची अलाइनमेंट (चाके सरळ रेषेत आणणे) करून घ्यावी. ४० भरू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात नायट्रोजन भरल्यास दाब वाढत नाही, हे खरे का? — एक वाचक, बार्शी

उत्तर : खरे नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि टायरमधून थोडा सावकाश निसटतो, एवढाच फरक आहे. मिळत असेल तर भरावा, पण तपासणी चुकवू नये. आणि वाटेत नायट्रोजन न मिळाल्यास साधी हवा निःशंकपणे भरावी.

प्रश्न : तुळजापूरहून परतताना टायर पंक्चर झाला आणि स्टेपनी काढली तर तीही बसलेली. तिच्यात हवा किती ठेवावी? — एक गृहिणी, होटगी रोड

उत्तर : हा प्रसंग आपल्यावर घाटाच्या जवळ, मुले बरोबर असताना आला असे आपण पत्रात लिहिले आहे, त्यावरून किती त्रास झाला असेल याची कल्पना येते. स्टेपनी डिकीत बंद असली तरी तिच्यातली हवा इतर चाकांप्रमाणेच दर महिन्याला थोडी थोडी उतरत असते, आणि वर्षभर कोणी पाहिले नाही तर असे होते.

स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची असेल तर तिच्यात स्टिकरवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याहून तीन-चार पीएसआय जास्त हवा ठेवावी. लावण्याची वेळ आली की जास्तीची काढता येते, कमी असलेली आडरानात भरता येत नाही. स्टेपनी अरुंद, तात्पुरत्या वापराची असेल तर तिचा हिशेब वेगळा आहे. तिच्यावर बहुधा ६० पीएसआय आणि ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा छापलेली असते. हा ६० चा आकडा पाहून हवा भरणारा बिचकतो आणि तिथेही ३३ भरून मोकळा होतो, तेव्हा त्याला छापलेला आकडा बोटाने दाखवून तेवढीच हवा भरून घ्यावी.

स्टेपनीचे वयही एकदा पाहून घ्या. टायरच्या बाजूवर चार अंकी सांकेतिक आकडा असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेले रबरही वर्षांनुवर्षे वाळत असते, त्यामुळे नक्षी कोरी दिसली तरी बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा आढळल्यास ती स्टेपनी महामार्गावर लावू नये. पुढच्या वेळी हवा भरायला गेलात की चार चाके झाल्यावर डिकीतले सामान बाजूला करून पाचवे चाकही तपासायला सांगा.