एकट्या कलाकाराने गाणं, व्हिडिओ आणि लाइट असा एकत्र कार्यक्रम करायचा तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? खर्च किती येतो?

सॉफ्टवेअरचं नंतर सांगतो. आमच्या मावसभावानेही सगळ्यात आधी सॉफ्टवेअरच घेतलं होतं.

मी धाराशिवकडचा. तुणतुण्यावर एकटाच गोंधळाची पदं आणि भारुडं म्हणतो, संबळाचे ठेके स्वतः वाजवून लूपरवर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारं यंत्र) धरतो. भाऊ पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. नवरात्रात परांडा तालुक्यातल्या एका गावी कार्यक्रम ठरला, तर याने सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच सलग व्हिडिओ बनवला, लाइटचे क्यूही (कोणता दिवा कधी बदलायचा ते इशारे) त्यालाच जोडले आणि माझ्या कानात क्लिक, म्हणजे ताल धरायची टकटक, दिला. म्हणे, 'दादा, तू फक्त क्लिक सोडू नको.' काम देखणं होतं, नाही म्हणत नाही.

भारूड रंगलं आणि पुढून एक आजोबा ओरडले, 'ओ बुवा, पुन्हा म्हना की वो तेवढं!' असं कोणी म्हटल्यावर आमच्याकडे पुन्हा म्हणायचंच असतं. म्हटलं. पडद्यावर तोवर पुढचं पद सुरू झालेलं. दिवे लाल, देवीचा मुखवटा आला, बायाबापड्यांनी हात जोडले आणि मी आपला सासूची नक्कल करतोय! कानातलं काढून टाकलं, पडदा बंद करायला लावला आणि उरलेला कार्यक्रम मंडपाच्या हॅलोजनवर केला. भाऊ अजून म्हणतो, मी 'अनप्रोफेशनल' वागलो.

अरे, संबळवाला नायकाच्या, म्हणजे मुख्य गोंधळ्याच्या, तोंडाकडे बघून वाजवतो. कथा लांबली की तोही लांबवतो. पडद्यानेही तेच करायचं. म्हणून व्हिडिओचे छोटे छोटे लूप करा, पायाशी मिडी फूटस्विच (पायाने दाबून कॉम्प्युटरला इशारा द्यायचं बटण) ठेवा, पाय पडेपर्यंत तोच लूप फिरत राहू द्या. चित्रासाठी सॉफ्टवेअर रेझोल्यूम. त्याच्या अव्हेन्यू आवृत्तीवर भागतं, पण लाइटही तिथूनच डीएमएक्सवर (स्टेजचे दिवे चालवायचा सिग्नल) चालवायचे तर अरीना आवृत्ती लागते, ती महाग. आवाजाला एबलटन लाइव्ह, त्यातला सेशन व्ह्यू, तिथे तुकडे हवे तेव्हा सुरू करता येतात. सलग पुढे पळणाऱ्या टाइमलाइनकडे फिरकूच नका.

प्रोजेक्टर समोरून मारलात तर पडद्यावर तुमचीच सावली. पातळ पांढरं कापड बांधून मागून मारा, चित्र मिरर करा. ३००० लुमेनचा भाड्याचा प्रोजेक्टर उघड्या मैदानात उजेडी काहीच दाखवत नाही. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ला स्पीकर बंद (सणासुदीला सरकार ठरवेल तेवढे मोजके दिवस १२ पर्यंत). नवरात्रात अंधार पडेपर्यंत सात वाजतात, म्हणजे हातात जेमतेम तीन तास. त्यात लाइट गेली तर जनरेटर सुरू होईस्तोवर प्रोजेक्टर आणि ऑडिओ इंटरफेस (माइक-वाद्यं कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) तगायला यूपीएस हवाच.

हां, संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरासारखं बंद सभागृह असेल, तिकीट लावून ठरलेला दीड तासाचा प्रयोग असेल, तर भावाची पद्धत चालेलही. गावच्या मैदानात नाही.

खर्चाचं म्हणाल तर लूपर आणि फूटस्विच विकत घ्या, प्रोजेक्टर भाड्याने आणा. व्हिडिओ करणारा घरचाच असेल तर त्याला आधी एक गोंधळ रात्रभर बसून बघायला लावा. आमच्याने अजून बघितलेला नाही.