तांदूळ वाढले

प्रिय बाय,

परवा तू प्रश्न विचारलास, मागे कुकरची शिट्टी झाली आणि तेवढ्यात फोन तुटला. म्हणून लिहितो.

आजी रिकामा डबा बघून "तांदूळ वाढले" म्हणते, बांगडी फुटली तर "वाढवली" म्हणते, निघताना "येते" म्हणते. दोतोर्नला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जाणारी तुझी मैत्रीण म्हणाली की हे सगळं खोटं, आणि खोटं ते पाप. तर आपल्या मराठीत खोटं चालतं का?

आजीच्या डब्याचं आधी. "तांदूळ वाढले" ऐकून घरातलं कुणी पोतं शोधायला जात नाही, पिशवी घेऊन म्हापशाच्या बाजारात जातं. यात फसलं कोण? तोंडातून 'संपले' काढायचं नाही, इतकंच. मी लहानपणी एकदा "जातो" म्हणून शाळेला निघालो, तर तुझ्या आजीने पायरीवरून माघारी बोलावलं, पाणी पाजलं आणि "येतो" म्हणायला लावूनच सोडलं. उशीर झाल्याबद्दल शाळेत मार बसला तो वेगळा.

मैत्रिणीचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. इथे कुवेतला माझ्या खोलीत साष्टीचा एकजण आहे. पाद्री व्हायचं म्हणून राशोलच्या सेमिनरीत दोन वर्षं होता, मग संसाराला लागला. त्याच्यापुढे तुझा प्रश्न ठेवला आणि त्या रात्री जेवण थंड झालं.

तो म्हणतो, आठव्या आज्ञेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असं आहे. पण संत ऑगस्टिन त्याच्या फार पुढे गेले. कुणाचा जीव वाचत असला तरीही खोटं बोलू नये, असं त्यांनी १६०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी खोट्याचे तीन प्रकार केले: नुकसान करणारं, थट्टेतलं आणि कुणाच्या उपयोगी पडणारं. शेवटची दोन हलकी, पण पापच.

मी विचारलं, मग तुमच्या बायबलातली राहाब? यरीहो शहरातली ती बाई. तिने दोन हेरांना घराच्या धाब्यावर अळशीच्या काटक्यांखाली लपवलं आणि राजाच्या माणसांना "ते अंधार पडता पडता निघून गेले, धावा" म्हणून भलतीकडे पिटाळलं. पुढे नव्या करारात तिची स्तुतीच आहे. तशाच शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी. इब्री, म्हणजे ज्यू, बायकांना होणारे मुलगे मारा, हा इजिप्तच्या राजाचा, फारोचा हुकूम त्यांनी मोडला आणि वर त्यालाच सांगितलं, इब्री बायका आम्ही पोहोचायच्या आधीच बाळंत होतात! देवाने त्यांचं भलं केलं, असं तिथे लिहिलंय. तो म्हणाला, स्तुती त्यांच्या श्रद्धेची आहे, खोट्याची नाही. ऑगस्टिनचंही उत्तर असंच होतं. मला ते पटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या कित्येक ख्रिश्चन घरांनी ज्यूंना लपवून, दारात आलेल्या नाझी पोलिसांना "इथे कुणी नाही" सांगितलं. त्यांना पापी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली ती मला फार आवडली. पूर्वी काहींनी पळवाट काढली होती, अर्धं वाक्य मोठ्याने बोलायचं आणि उरलेलं मनात म्हणायचं. म्हणजे ओठांनी खोटं नाही आणि समोरचा फसतोही. १६७९ साली पोपनी ही युक्ती निषिद्ध ठरवली. मी म्हटलं, अरे, हे आमचं 'नरो वा कुंजरो वा'! धर्मराजाने "अश्वत्थामा मेला" मोठ्याने म्हटलं आणि 'हत्ती' तोंडातल्या तोंडात. शब्द खरेच होते, तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मैत्रिणीला ही गोष्ट जरूर सांग, तिला आवडेल.

आता माझं सांगतो. तू दुसरीत होतीस तेव्हा आजोबा हॉस्पिटलात होते. त्याच आठवड्यात पेडण्याला त्यांचा धाकटा भाऊ गेला. आम्ही ठरवलं, सांगायचं नाही. आजोबा रोज विचारत, "भाऊ आला नाही?" मी रोज म्हणायचो, "पाऊस आहे ना, रस्त्यावर पाणी आलंय." तिसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. त्यांनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. बाहेर लख्ख ऊन होतं. ते "बरं" म्हणाले. पुढचे सहा दिवस होते, पण भावाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

राहाब खोटं बोलली ती दुसऱ्याचा जीव राखायला. मी आजोबांसाठी बोललो असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. दोघा भावांनी पन्नास वर्षं एका बांधावर भात लावलं होतं. त्यांना रडायचं असेल तर तो हक्क त्यांचा होता, आणि तो मी घेतला. साष्टीकराला हे सांगितलं तेव्हा तो कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापाची कबुली, माफी असलं काही बोलला नाही. उठून चहा टाकला.

आजीला सांग, तांदूळ वाढले असतील तर पैसे गुरुवारी पाठवतो. आणि चवथीला येतो. हे 'येतो' निघताना म्हणतात तसलं नव्हे, तिकीट काढलंय.

तुझा,
बाबा