बोअरचं पाणी, तुरटी आणि टीडीएसचा आकडा

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर 1150 येतो. तुरटी फिरवून पाणी निवळलं, पण आकडा उतरायचा सोडून थोडा चढला. मीटर मोजतं तरी काय? मुलगी नववीत आहे. ती म्हणते, मीठ पाण्यात विरघळलं की आयन तयार होतात. बरोबर का?
– एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : आधी मुलीचं वाक्य दुरुस्त करू, कारण ही चूक परीक्षेतही फार होते. आयन म्हणजे धन किंवा ऋण विद्युत प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट. मिठाचे आयन पाण्यात तयार होत नाहीत, सुटे होतात. कोरड्या मिठातही ते असतातच. सोडिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण (कवचांमधली इलेक्ट्रॉनांची मांडणी) 2, 8, 1. शेवटचा इलेक्ट्रॉन दिला की धन आयन. क्लोरीनचं 2, 8, 7. एक घेतला की ऋण आयन, म्हणजे क्लोराइड. स्फटिकात दोन्ही एकाआड एक जखडलेले असतात, म्हणून कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. 801 अंश सेल्सिअसला वितळलं किंवा पाण्यात विरघळलं, की नेतं. कॅल्शिअम दोन इलेक्ट्रॉन देतं, म्हणून एका कॅल्शिअमला दोन क्लोराइड लागतात. प्रभारांची बेरीज शून्य आली पाहिजे.

मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि तिला ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतं. एक लिटर आरओच्या पाण्यात 1 ग्रॅम मीठ घाला. आकडा हजाराच्या आसपास येईल, काही मीटरवर चौदाशेपर्यंत. तेवढीच साखर घातली तर जवळपास हलणारही नाही. साखरेच्या रेणूंवर प्रभार नसतो.

तुरटीत पोटॅशिअम, अ‍ॅल्युमिनिअम आणि सल्फेट हे आयन आहेत. अ‍ॅल्युमिनिअम गाळ धरून तळाशी बसतं, बाकीचे दोन पाण्यातच राहतात. गढूळपणा गेला, क्षार मात्र वाढले. उकळल्यावर कॅल्शिअम बायकार्बोनेट मोडून भांड्याला पांढरा थर धरतो. पाणी गार करून, गाळून मोजलं तर आकडा काहीसा उतरतो. फार आटवलं तर मात्र उरलेले क्षार दाट होतात.

आता महत्त्वाचं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालतो. पण मीटरला कुठला आयन ते ओळखता येत नाही. फ्लोराइड 1.5 आणि नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर नको. तुमच्या 1150 मध्ये 3 मिलिग्रॅम फ्लोराइड असलं तरी आकड्यावरून कळणार नाही, आणि उकळून ते जातही नाही. नांदेडच्या किनवट भागात फ्लोराइडचा त्रास आहेच. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या आणि फ्लोराइड, नायट्रेट व कठीणपणा या तिन्ही तपासण्या मागून घ्या.